एकशे बारा मरणं आणि एक फुगडी

नांदेड,
आषाढ वद्य नवमी (पंचमीला अकरा दिवस)

तीर्थस्वरूप केवळाअक्का यांस,

धाकटी जाऊ सौदामिनी हिचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत असं समजावं. उजवं मनगट अजून पुरतं वळत नाही, आणि त्याचं कारण आपणांस ठाऊक आहे.)

'पत्रास कारण की' असं लिहून पुढे खरं कारण कोणीच लिहीत नाही, हे मी छत्तीस वर्षं शाळेत पालकांची पत्रं वाचून शिकले आहे, तेव्हा ते राहू द्या. आधी तब्येत. आपली तब्येत कशी आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही. संक्रांतीपासून आजपर्यंत आपण माझ्या हातून एकशे बारा वेळा मेला आहात, म्हणून विचारते आहे. दोनदा जळून, एकदा बुडून, एकदा तळघरातला उंदीर चावून, आणि उरलेल्या एकशे आठ वेळा एकाच पुलावर एकाच बाईच्या हातून. (एकशे आठ हा आकडा जपमाळेचा आहे. मी मुद्दाम जुळवलेला नाही.) एवढं होऊनही आपल्याला लातुरात साधा ठसकासुद्धा लागला नसेल, तर पूर्वजांची पुण्याई मोठी म्हणायची.

हे पत्र अण्णाराव भाऊजी आपल्याला मोठ्यानं वाचून दाखवत असतील. भाऊजी, कंसातलं गाळायचं नाही. दिवाळीच्या पत्रात तुम्ही कंस गाळलेत आणि अक्कांपर्यंत नुसत्या शुभेच्छा पोचल्या.

मुळापासून सांगते, म्हणजे मागाहून कोणी 'मला माहीतच नव्हतं' म्हणायला नको. गेल्या पंचमीला आपल्या अंगणात, कडुनिंबाखाली, पासष्टी ओलांडलेल्या दोन जावांनी फुगडी धरली. सातव्या गिरकीला हात सुटला आणि मी जाऊन पाण्याच्या निळ्या पिंपावर आदळले. पिंप रिकामं असतं तर ते घरंगळलं असतं आणि मी वाचले असते. पण लातुरात पिंप रिकामं ठेवत नाहीत. मनगट दोन ठिकाणी मोडलं. मी तिथंच, पडल्या पडल्या, सतरा बायकांच्या देखत सांगितलं की हात केवळाअक्कांनी सोडला. आपण म्हणालात, "म्या? म्या न्हाई सोडला." मी म्हणाले, सोडला. तेवढ्यावर आपलं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. नंतर भाऊजींनी फोनवर आपला निरोप सांगितला, तो मी शब्दशः लिहून ठेवला आहे: "म्हणावं, म्या हात न्हाई सोडला. आन् आता ह्या जन्मी कुणाचा धरणारबी न्हाई." आता ऐकते की गल्लीतल्या पोरी यंदाच्या पंचमीचं विचारायला आल्या, तर आपण गुडघा दुखतो म्हणून त्यांना परत पाठवलंत. अक्का, गुडघा? आमच्या मिहिरच्या लग्नात पदर दातात धरून मुलीकडच्या पाच बायकांना एकामागून एक धापा टाकायला लावलंत, तेव्हा हा गुडघा कुठं होता?

असो. मुद्दा माझ्या मनगटाचा. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वाळल्या शेंगांसारखी आखडलेली. त्यांचा व्यायाम करून घ्यायला तनुजा नावाची फिजिओथेरपिस्ट येते, उमरीहून, रेल्वेनं. माझ्या विद्यार्थिनींच्या मुलींएवढी आहे आणि मला 'शाब्बास, मॅडम' म्हणते. (छत्तीस वर्षं मी शाब्बासकी दिली. घ्यायची सवय नाही.) तिनं स्पंजचा एक पिवळा चेंडू दिला आणि दिवसातून दोनशे वेळा दाबायला सांगितला. मी दाबला. अक्का, कितीही जोरात दाबा, सोडला की पुन्हा होता तसा. ना चिडत, ना उलटून बोलत. इतका कंटाळवाणा जीव मी जगात दुसरा एकच पाहिला आहे, आणि ते आपले धाकटे दीर. दयानंदरावांशी मी लग्नापासून भांडते आहे. पेपरच्या मागून 'बरं' येतं. आजवर माझा एकही वार त्यांना लागल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलेलं नाही.

शेवटी मी तो चेंडू खिडकीतून टाकला. तेव्हा तनुजानं टीव्हीखालचं व्हिडिओ गेमचं यंत्र पाहिलं. ते मिहिरचं. सूनबाई साक्षीनं 'हैदराबादच्या घरात एक तर हे राहील किंवा मी' असं सांगितल्यावर संक्रांतीला तो ते आमच्याकडे ठेवून गेला. (साक्षीबद्दल माझं मत त्या दिवसापासून सुधारलं.) तनुजा म्हणाली, हेच खेळा, दहाही बोटं चालतील. यंत्राला जोडलेला एक कंट्रोलर असतो, फुगलेल्या करंजीच्या आकाराचा, दोन्ही हातांनी धरायचा, वर बटणं. खेळ सगळे विलायती. त्यांना रोल-प्लेइंग म्हणतात, म्हणजे सोंग घेऊन खेळायचे. आपण कोणीतरी दुसरंच व्हायचं, अनोळखी मुलखात जायचं, दिसेल त्याची कामं करून द्यायची आणि दर अर्ध्या कोसावर कोणाशी तरी भांडायचं. थोडक्यात, सासरी नांदायचं.

सुरुवातीला आपलं सोंग आपणच घडवायचं असतं. नाकातच माझे तीन दिवस गेले. मग खांदे, मग हनुवटी, मग कपाळावरची आठी. शेवटी एक धिप्पाड बाई उभी राहिली, हातात कुऱ्हाड, आणि यंत्रानं तिचं नाव विचारलं. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मी 'केवळा' असं टाइप केलं. (रागानं नव्हे. दंड पाहून.) त्यामुळे आता ती मेली की पडद्यावर लाल इंग्रजी अक्षरांत येतं की केवळा मरण पावली आहे, आणि दयानंदराव पेपर खाली करून विचारतात, "कधी?"

पहिली लढाई उंदराशी. विलायतेत शूरवीरांची सुरुवात तळघरातल्या उंदरापासून करतात. आपल्याकडे पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावला की काम होतं. पण भजं लावायचं बटण त्या खेळात नाही, अशी मी कंपनीला इंग्रजीतून तक्रार केली आहे. (उत्तर नाही.) मी सगळी बटणं एकदम दाबली. केवळानं उडी मारली, कुऱ्हाड पाठीला अडकवली, उंदराला वाकून मुजरा केला आणि मेली. हे मी मिहिरला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई, सेटिंगमध्ये जाऊन सोपं कर. केलं. मग काय विचारता! केवळा शिंकली तरी दरोडेखोर आडवे पडायला लागले. चार दिवसांत मी एक किल्ला, दोन जंगलं आणि एक राजघराणं निकालात काढलं, आणि मला जांभया यायला लागल्या. मग उलगडा झाला. मला कच्चं लिंबू केलं होतं. खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही. बाद झाली तरी बाद नाही आणि जिंकली तरी जिंकली नाही.

ह्या विषयावर मी अधिकारानं बोलू शकते, कारण आपण मला चाळीस वर्षं कच्चं लिंबू ठेवलंत. सासरच्या पहिल्या पंचमीला मी अंगणात उतरले ती सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटातून शिकून. (तिथल्या सिस्टर सांगत की भांडताना आवाज चढवू नये, भुवई चढवावी. लातुरात भुवईकडे कोणी बघत नाही.) फुगडीत समोरची टोमणा घालते आणि आपण त्याच चालीत उलटा घालायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी आपण माझे हात धरायचात, आपला टोमणा म्हणायचात, आणि लगेच माझ्या वाटचा उलटा टोमणाही आपणच म्हणायचात. बायका म्हणायच्या, धाकटी लई छान खेळती. चाळीस वर्षं मी आपल्याच तोंडानं आपल्याला हरवलं! गेल्या वर्षी मी भर अंगणात बजावलं, की आता लिंबू पिकलं, माझं मी म्हणेन. आपण हसलात, पदर खोचलात आणि म्हणालात:

कॉन्व्हेंटची पोर, पायात मोजे,
भाकर थापताना हात का लाजे? फुगडी फू!

मी उत्तर देणारच होते. उत्तर तयार होतं, अगदी जिभेच्या टोकावर. तेवढ्यात आपण हात सोडलात.

तर, मी खेळ पुन्हा अवघड करून घेतला. त्यात निराळाच दगा. काही खेळांत अवघड म्हणजे शत्रू हुशार होत नाही, तो फक्त मरत नाही. एका शिंगवाल्या राक्षसाला मी पाऊण तास कुऱ्हाडीनं हाणत होते. ना ओरडला, ना लंगडला, ना आईवरून काही बोलला. शेवटी पडला तो बहुधा कंटाळून. तो राक्षस नव्हताच, तो तनुजाचा चेंडू होता, शिंगं लावलेला. दुसऱ्या एका खेळात मी जसजशी ताकदवान होत गेले तसतसे वाटेवरचे भुरटे चोरही ताकदवान होत गेले. पहिल्या दिवशी फाटक्या कपड्यांत कोंबडी चोरणारे महिन्याभरात सोन्याचं चिलखत घालून कोंबडी चोरायला लागले. मग मी शिकून मिळवलं काय? मी मुख्याध्यापिका झाले त्याच दिवशी सातवी 'ब' सगळी मुख्याध्यापक झाली असती, तर घंटा कोणी दिली असती?

मग लढाईत मजा येते ती कशानं? ह्या प्रश्नावर नांदेड जिल्ह्यात माझ्याइतका विचार कोणी केला नसेल. (बिलोलीकडे कोणी असेल तर कळवावं.) माझं उत्तर: मजा पुलावरच्या राक्षसिणीनं येते. दगडी पूल, खाली नदी, आणि मधोमध ही उभी, सोटा घेऊन, चार दात पडलेले. कोणाला पलीकडे जाऊ देत नाही. खेळात बोलून समजूत घालायची सोय असते, म्हणून आधी मी तिला शिस्त ह्या विषयावर चार शब्द सुनावले. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला उचलून नदीत टाकलं. (हे मरण मी बुडण्यात धरलं आहे, तिच्या नावावर नाही.) पण बाई मोठ्या मनाची. मारण्याआधी सांगते. सोटा उचलायच्या आधी तिचा डावा खांदा किंचित वर जातो, जसा टोमणा घालायच्या आधी आपला हात पदराकडे जातो. न सांगता मारतो तो गुंड. सांगून मारते तिच्याशी भांडण्यात इज्जत आहे. शिवाय तिला लागतं! कुऱ्हाड बसली की ती कळवळते, दात खाते, दोन पावलं मागं सरते, आणि तिचा सोटा मला बसला की कंट्रोलर माझ्या तळहातात थरथरतो. माझं तिला पोचतं, तिचं मला पोचतं. एवढी पोच मला संसारात मिळाली असती तर मी कशाला यंत्रापुढे बसले असते? आणि ती माझ्याकडे लक्ष देते. एकदा उजवीकडून फसवलं की पुढच्या वेळी उजवीकडेच बघत असते. शत्रूनं आपली सवय ओळखावी, ह्यासारखा मान नाही.

तिच्या हातून आपण एकशे आठ वेळा मेलात. एकशे नवव्या वेळी मी मारायला गेलेच नाही. ती झुकली की मी मागं, ती मागं गेली की मी झुकायची. वजन तिचं, तोल माझा. सोफ्यावर बसल्या जागी माझ्या पायांनी ठेका धरला. तनुजा म्हणते, मॅडम, तुम्ही तोंडानं फू फू करत होतात. मी करत होते. कारण मला उमगलं की ही लढाई नव्हेच, मी फुगडी खेळते आहे. फुगडीत दोघी एकमेकींना दमवायला बघतात, आणि दोघींनी एकमेकींना घट्ट धरलेलं असतं म्हणूनच दोघी उभ्या असतात. शत्रूचा हात सुटला की आपणही पडलोच. हे विलायतेतल्या कोणाला तरी समजलं आहे, आणि ते ह्या राक्षसिणीला शिकवून त्यांनी तिला उंदरासकट माझ्या घरी पाठवलं आहे.

मग ती पडली. तनुजानं टाळ्या वाजवल्या. दयानंदरावांनी पेपरचं पान उलटलं. मी मात्र त्या पुलावर केवळाला घेऊन नुसती उभी राहिले. पलीकडे जावंसं वाटेना. खाली पाणी, वर वारा, आणि भांडायला कोणी नाही. अक्का, इतकी भिकार जीत मी पाहिलेली नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट असते. लढाईत कोणी काय केलं ते तिच्यात ओळीनं उमटतं: केवळानं वार केला, राक्षसिणीनं अडवला, केवळाचा पाय घसरला. मागं सरकवून वाचता येतं. 'मी नाही, तिनंच' असं म्हणायची सोयच नाही. अशी चौकट वर्गावर्गात असती तर माझी निम्मी नोकरी वाचली असती. मनात आलं, गेल्या पंचमीची अशी चौकट असती तर केवळाअक्कांचा खोटेपणा उघडा पडला असता. हे मी साक्षीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, आई, चौकट नाही, पण व्हिडिओ आहे, तेव्हाच मोबाइलवर घेतला होता, पाठवू का? मी म्हणाले, अगत्य पाठव. तो मंगळवारी आला. त्याविषयी इथं अधिक लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

इकडे सर्व ठीक. दयानंदराव बरे आहेत (दाबून पाहिले). थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि त्या निळ्या पिंपास जे योग्य असेल ते सांगावं.

आपली,
सौदामिनी

ता. क. : पत्र खरं तर काळ्या तिखटासाठी लिहिलं. आपल्या हातचं संपत आलं आहे. इथल्या दुकानातलं तिखट नुसतं तिखट असतं, त्यात टोमणा नसतो. कोणी येणारं असेल तर पाव किलो पाठवावं.

आणखी ता. क. : तिखटाचं खोटं आहे. बरणी अर्धी भरलेली आहे. मिहिरकडून दुसरा कंट्रोलर मागवला आहे. काही खेळ दोघींना मिळून खेळता येतात, आणि मला दयानंदराव नको आहेत.

आणखी एक ता. क. : भाऊजी, इथून पुढे तुम्ही वाचायचं नाही. पत्र अक्कांच्या हातात द्या. चष्माही द्या. त्या चौथी शिकल्या आहेत आणि मी अक्षर मोठं काढते आहे.

अक्का, तो व्हिडिओ मी सावकाश करून अकरा वेळा पाहिला. तुमची बोटं शेवटपर्यंत मिटलेली आहेत. मी निसटल्यावरसुद्धा तुम्ही माझ्या बांगडीला धरून मला ओढत होतात. ती फुटून तुमच्या तळहाताला लागली, हे तुम्ही कोणाला सांगितलंसुद्धा नाही. माझी बोटं मात्र 'लाजे' ह्या शब्दाला उघडली. जिभेच्या टोकावर काहीही नव्हतं. तुम्ही माझ्या उत्तरासाठी थांबला होतात, पहिल्यांदाच माझ्या वाटचं म्हटलं नाहीत, सतरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मला सुचेना. म्हणून मी हात सोडला. पिंपावर आपटल्यावर जे सुचलं ते एवढंच, की अक्कांनी सोडला. काल तो व्हिडिओ त्या सतराही जणींना पाठवला आहे. खाली लिहिलं आहे: हात सौदामिनीनं सोडला. पुढे सही.

पंचमीला आम्ही लातूरला येतो आहोत. मनगट वळत नाही हेही खोटं. तनुजानं मागच्या महिन्यातच शेवटचं शाब्बास म्हणून मला मोकळं केलं. गुडघ्याचं मला सांगू नका. पिंप तेवढं हलवून ठेवा. आणि ह्या वेळीही माझ्या वाटचं तुम्ही म्हणायचं नाही.

शेवटची ता. क. : उत्तर. वर्षभर उशीर झाला, पण माझं मी केलं आहे.

मोजे माझे फाटले, बूटही झिजले,
हात मीच सोडला नि मीच रुसून निजले! फुगडी फू!

पदर खोचा.